विश्लेषण : महागड्या रेस्तराँमध्ये लहान मुलांना ‘नो एंट्री’? कायदा काय सांगतो, अडचण कुठे आहे?

दोघांचे बिल पाच आकड्यांत जाणाऱ्या रेस्तराँमध्ये शेजारच्या टेबलावरचे दोन वर्षांचे मूल चमच्याने बशी वाजवू लागले, की माना वळतात. कोणी कौतुकाने हसते, कोणी मॅनेजरला खूण करते आणि मुलाची आई ताट अर्धे टाकून उठते. ‘हल्लीच्या मुलांना शिस्त नाही’ आणि ‘तुम्ही कधी लहान नव्हता का’ या दोन वाक्यांपुढे हा वाद सहसा सरकत नाही. दक्षिण कोरियात मात्र तो मानवी हक्क आयोगापर्यंत गेला, जर्मनीत दिवाणी प्रकरणांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. भारतात मुलांना दारातूनच परत पाठवले तर दाद मागता येते का आणि मुळात ही वेळ येतेच का, याचा हा आढावा.

शिकागोत काय घडले होते?

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या ‘अलिनिया’ या तीन मिशेलिन तारे मिळवलेल्या रेस्तराँमध्ये एक जोडपे आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आले. बाळ रडू लागले, इतर पाहुणे वैतागले. शेफ ग्रँट अ‍ॅकेट्झ यांनी ट्विटरवर जाहीरपणे विचारले की, आता मुलांना नको म्हणावे का? लोक तान्ह्या बाळांना नाटकाला, मैफलीला नेतात का? दोन दिवसांत हा विषय अमेरिकी वाहिन्यांवर पोहोचला. त्या बाळाच्या नावाने कोणीतरी विनोदी ट्विटर खातेही उघडले.

या गोंगाटात एक तपशील मागे राहिला. ‘अलिनिया’मध्ये टेबल फोनवरून राखून ठेवता येत नसे, नाटकासारखे तिकीट आधी पैसे भरून घ्यावे लागे. एका माणसाचे तिकीट २०० डॉलरहून अधिक आणि ते रद्द केल्यास परतावा नाही. त्या जोडप्याची बेबीसिटर ऐनवेळी आली नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे त्यांच्यासमोर दोनच पर्याय होते, ४०० डॉलरवर पाणी सोडणे किंवा बाळाला सोबत नेणे. पाहुणा न आल्यामुळे होणारे नुकसान टाळण्यासाठी रेस्तराँने जी पद्धत बसवली होती, तिनेच ते बाळ टेबलापर्यंत आणले. शिस्तीचा प्रश्न यात कुठेच नव्हता. आठ महिन्यांच्या बाळाला कसली शिस्त?

पैसे नेमके कशाचे मोजले जातात?

ताटातल्या पदार्थांचे, असे वाटते. पण टेस्टिंग मेन्यू देणारे रेस्तराँ प्रत्यक्षात अडीच-तीन तासांचा ठरीव वेळ विकत असते. एकामागून एक छोटे पदार्थ येतात, प्रत्येक वेळी वेटर दोन वाक्यांत माहिती सांगतो, मध्ये मुद्दाम विराम असतो. तीन वर्षांच्या मुलासाठी हाच विराम सर्वांत कठीण. भूक लागली आहे, समोर काही नाही आणि खुर्चीवरून उतरायचेही नाही. उडुपी हॉटेलात हेच मूल गुण्यागोविंदाने इडली खाते, कारण तिथे ऑर्डर दिल्यापासून बिलापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपते. मूल तेच असते, घड्याळ बदललेले असते.

दुसरा मुद्दा आवाजाचा. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. बाळाचे जोरदार रडणे जवळून १०० डेसिबलच्या पुढे जाते. डेसिबलची मोजपट्टी साधी नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यात माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक तिखट असतो आणि रडण्यातील बरीच ऊर्जा नेमकी त्याच भागात पडते. बाळाचे रडणे दुर्लक्षित होऊ नये अशीच ही रचना आहे. त्यामुळे ‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला कानाला पाळता येत नाही.

पण खोलीही निर्दोष नसते. जुन्या पंचतारांकित भोजनगृहांत गालिचे, जड पडदे, टेबलावर जाड कापड असे. हे सगळे आवाज पिऊन टाकत. गेल्या काही वर्षांत उघडे सिमेंटचे छत, काच, लाद्या आणि खुले स्वयंपाकघर यांची फॅशन आली. अशा जागेत आवाज भिंतींवरून परततो, लोक आणखी मोठ्याने बोलतात आणि गलका चढत जातो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. मुलांबद्दल तक्रार करणाऱ्या अनेक रेस्तराँमध्ये मुले नसतानाही समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, हेही खरेच.

मुलांचा मेन्यू आला कुठून?

याचे उत्तर दारूबंदीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतील चांगल्या रेस्तराँमध्ये मुले क्वचितच दिसत. तिथला नफा मद्यावर चाले आणि मुले त्यात अडथळा मानली जात. १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली आणि मालकांना नवे गिऱ्हाईक शोधावे लागले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलने १९२१ मध्ये मुलांसाठी वेगळा मेन्यू छापला. जपानमध्ये टोकियोच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहाने १९३० मध्ये मुलांचे खास ताट सुरू केले. ते तिथे आजही लोकप्रिय आहे.

आजच्या महागड्या रेस्तराँचे गणित पुन्हा त्याच जागी आले आहे. अन्नापेक्षा वाइन आणि कॉकटेलवर सुटणारे पैसे जास्त. चार खुर्च्यांच्या टेबलावर दोन मोठे आणि दोन मुले बसली, की दोन खुर्च्यांवर ना टेस्टिंग मेन्यू जात ना वाइन. त्यात मुलांमुळे टेबल लवकर उठते. मुंबईसारख्या शहरात, जिथे चौरस फुटाचे भाडे डोक्यावर असते, तिथे मालकाला हा हिशेब दिसतोच. तो उघडपणे मांडण्यापेक्षा ‘इतर पाहुण्यांची शांतता’ सांगणे सोपे जाते.

सगळीच कारणे सबबी नसतात. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ‘नेटीज हाउस ऑफ स्पॅगेटी’ने २०२३ मध्ये दहा वर्षांखालील मुलांना बंदी केली, तेव्हा आवाजाबरोबरच हाय चेअरसाठी नसलेली जागा, सांडलवंड आणि पळणाऱ्या मुलांमुळे होणाऱ्या अपघाताची जबाबदारी ही कारणे दिली होती. यातले शेवटचे कारण भारतातही लागू पडते. तापलेल्या लोखंडी तव्यावर फसफसणारा सिझलर घेऊन निघालेल्या वेटरला कमरेखाली काय धावते आहे ते दिसत नाही.

धूर निघणारे पदार्थ मुलांसाठी किती धोक्याचे?

हा विषय शांततेच्या वादात दबून जातो, पण पालकांनी सर्वांत आधी याकडे पाहायला हवे. कॉकटेल आणि डेझर्टमधून धूर निघावा म्हणून कोरडा बर्फ किंवा द्रव नायट्रोजन वापरतात. कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस, तर द्रव नायट्रोजनचे उणे १९६ अंश. धूर विरल्यावर पदार्थ खाल्ला तर धोका नाही. पण द्रव शिल्लक असताना तो तोंडात गेला, तर अन्ननलिका आणि जठर भाजल्यासारखे इजा पावतात. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका कॅफेत मुखवास समजून कोरडा बर्फ खाल्लेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी कर्नाटकातील दावणगेरे येथे ‘स्मोक बिस्किट’ खाल्लेल्या मुलाचा तडफडतानाचा व्हिडीओ पसरला. तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने मग द्रव नायट्रोजन असलेले पदार्थ थेट खायला देण्याविरुद्ध कारवाईचा इशारा दिला. मोठ्या माणसाला ‘धूर थांबेपर्यंत थांबा’ म्हटलेले कळते. चार वर्षांच्या मुलासाठी तो धूर हेच आकर्षण असते. तो पदार्थ टेबलावर मागवूच नये, हे बरे.

बंदी कायद्यात बसते का?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येत नाही. मूलभूत हक्क बहुधा सरकारविरुद्ध असतात. हा मात्र खासगी मालकालाही बांधतो. ज्या देशात चहाच्या दुकानातील कपबशीही जातीनुसार वेगळी ठेवली जात होती, तिथे उपाहारगृहांचा उल्लेख घटनेत नावानिशी यावा यात नवल नाही. पण या यादीत वय नाही. त्यामुळे दारावरची ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ ही पाटी जातीसाठी चालत नाही, वयासाठी चालून जाते.

इतरत्रही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात रेस्तराँपुरता वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांचा समावेश आहे, वयाचा नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वय आहे. पण सेवांच्या बाबतीत हे संरक्षण १८ वर्षांवरील व्यक्तींनाच मिळते. मात्र स्तनपान करते म्हणून आईला वाईट वागणूक देणे तिथे बेकायदा आहे. जर्मनीत एका वेलनेस हॉटेलने १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारला. पाच मुलांच्या कुटुंबाने दावा लावला. तेथील केंद्रीय न्यायालयाने मे २०२० मध्ये हॉटेलच्या बाजूने निकाल दिला. विश्रांती हाच ज्याचा व्यवसाय, त्याला अशी अट घालण्यास सबळ कारण आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

वेगळा सूर लावला तो दक्षिण कोरियाने. जेजू बेटावरील एका इटालियन रेस्तराँने १३ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला होता. मुलांसह परत पाठवलेल्या एका वडिलांच्या तक्रारीवर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये हा भेदभाव असल्याचे म्हटले. काही मुले त्रास देतात म्हणून सर्व मुलांना वगळणे योग्य नाही आणि धंद्याचे स्वातंत्र्य अमर्याद नाही, असा आयोगाचा सूर होता. आयोगाची शिफारस बंधनकारक नसल्याने ‘नो किड्स झोन’च्या पाट्या टिकून राहिल्या. मे २०२३ मध्ये खासदार योंग ह्ये-इन यांनी आपल्या लहान मुलाला कडेवर घेऊन संसद भवनातून या पाट्यांविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षी देशाचा जननदर ०.७२ पर्यंत घसरला होता. मुले व्हावीत म्हणून सरकार पैसे वाटते आणि झालेल्या मुलांना कॅफे दारातून परत पाठवते, ही विसंगती तिथे टीकेचा विषय झाली.

भारतीय ग्राहकाच्या हातात काय उरते? बंदीला आव्हान देणे अवघड; पण ती लपवली असेल तर गोष्ट वेगळी. टेबल राखताना आगाऊ रक्कम घेतली, वयाची अट कुठेही सांगितली नाही आणि दारात अडवले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पैसे परत मागता येतात. बुकिंगच्या वेळचा मेसेज किंवा पानाचा स्क्रीनशॉट अशा वेळी उपयोगी पडतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. ती मद्य देण्याविषयीची आहे, पालकांसोबत जेवायला बसण्याविषयीची नाही. ज्या जागेचा मुख्य धंदाच बार आहे तिथे मुलांना न घेणे समजण्यासारखे. पण भोजनगृहात कायद्याचे नाव पुढे केले, तर नेमका कोणता नियम ते जरूर विचारावे.

शांत बसलेले मूल खरेच शांत असते का?

आजच्या महागड्या रेस्तराँमध्ये मुले दिसतात आणि त्यातली बरीचशी शांतही असतात, कारण समोर पाण्याच्या ग्लासला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांदरम्यान दिवसाला एका तासाहून अधिक नको. तीन तासांच्या जेवणात हा हिशेब केव्हाच मोडतो. शेजारच्या टेबलाची शांतता मुलाच्या स्क्रीनमधून विकत घेतली जाते, असेच म्हणावे लागेल. शिवाय, बाहेर जेवायला जाण्यातून मुलाने जे शिकायचे, म्हणजे थांबणे, वेटरकडे स्वतः पाणी मागणे, नवा पदार्थ जिभेवर ठेवून पाहणे, ते सगळे मोबाइलमागे राहते.

घरी कोणाजवळ ठेवायचे?

‘मुलांना घरी ठेवून या’ हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजी-आजोबांचे घर असते. नोकरीसाठी सोलापूर, अकोला किंवा जळगावहून हिंजवडीला आलेल्या जोडप्याकडे ते नसते. तासाच्या हिशेबाने विश्वासू माणूस मिळण्याची सोय आपल्याकडे अजून नीट बसलेली नाही. लग्नाचा वाढदिवस रात्री साजरा करायचा, तर मूल सोबत येणार किंवा एक जण घरी थांबणार. घरी थांबणारी बहुतेक वेळा आई असते आणि रेस्तराँमध्ये मूल रडले की त्याला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारणारीही तीच. लंगोट बदलण्याची फळी असलीच तर ती स्त्रियांच्या स्वच्छतागृहात; बाबांची इच्छा असूनही उपयोग नाही. कागदावर वयाची असलेली अट प्रत्यक्षात कोणाला बाहेर ठेवते, हे यावरून कळते.

ज्यांना परवडते ते मुलाला सांभाळणाऱ्या मावशींना सोबत आणतात. इथे एक दृश्य वारंवार दिसते. कुटुंब जेवत असते आणि मावशी टेबलाच्या टोकाला, कधी बाजूच्या वेगळ्या खुर्चीवर, मूल मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे ताट नसते. काही क्लबांमध्ये तर आया कुठपर्यंत येऊ शकतात याचे नियम असतात. तीन तास दुसऱ्याच्या मुलाला शांत ठेवण्याचे काम ज्या बाईने केले, तिच्या जेवणाचा प्रश्न मात्र कोणत्याच चर्चेत येत नाही. वयाच्या बंदीवर तावातावाने बोलणाऱ्या पालकांनी आपल्या टेबलाकडेही पाहायला हरकत नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो बहुतांशी वेळेचा आहे. दुपारचे जेवण किंवा संध्याकाळी दार उघडताच मिळणारे पहिले टेबल मुलांसाठी सोयीचे, कारण गर्दी नऊनंतर वाढते आणि मुलाची झोपही तेव्हाच येते. काही मालक रात्री आठनंतर मुलांना घेत नाहीत. सरसकट बंदीपेक्षा हे परवडते. मुलाचे ताट आधी मागवावे, मोठ्यांचे नंतर. मेन्यूमध्ये नसला तरी बिनतिखटाचा वरणभात किंवा दहीभात द्यायला बहुतेक स्वयंपाकघरे तयार असतात, फक्त ते फोनवर आधी सांगावे लागते. तीन तासांचा टेस्टिंग मेन्यू मात्र चार वर्षांच्या मुलासोबत घेऊ नये. त्यात मुलाचे, पालकांचे आणि शेजाऱ्यांचे, तिघांचेही हाल होतात.

रेस्तराँनीही थोडे सरकायला हवे. आगाऊ पैसे घेणाऱ्यांनी मूल आजारी पडले किंवा सांभाळणारे माणूस आले नाही तर तारीख बदलून द्यावी. ‘अलिनिया’चा पेच एवढ्यानेही टळला असता. इटलीतील पादोवा शहरातल्या एका मालकाने २०१७ मध्ये नीट वागणाऱ्या मुलांसाठी बिलात पाच टक्के सूट दिली, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. जपानमधील ‘सूप स्टॉक टोकियो’ या साखळीने २०२३ मध्ये सर्व शाखांत बाळांचे जेवण मोफत देण्याचे जाहीर केले. एकट्याने शांतपणे जेवायला येणाऱ्या ग्राहकांनी समाजमाध्यमांवर जोरदार नाराजी व्यक्त केली. कंपनीने निर्णय बदलला नाही.

टेबल राखताना रेस्तराँने मुलाचे वय विचारले, तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. पालकांनीही उलट विचारावे : हाय चेअर आहे का, पहिला पदार्थ किती मिनिटांत येतो, मध्येच उठावे लागले तर उरलेले बांधून मिळेल का आणि सोबत येणाऱ्या मावशींसाठी त्याच टेबलावर खुर्ची लावाल का?